न दिसणारे शिवणकाम

स्मरणिकेसाठी लिहा, असा संस्थेचा निरोप आला, तेव्हा आम्ही एकाच खोलीत राहिलेल्या सहा जणींनी एकमेकींना फोन केले. सकाळची वंदना, खो-खोचे सामने, रविवारची उसळ यांवर कोणी ना कोणी लिहीलच. ज्यावर कोणी लिहिणार नाही, तो विषय आम्ही घेतला आहे. वसतिगृहाच्या शिवणवर्गात आम्ही आपले आतले कपडे स्वतः शिवायला शिकलो, त्याची ही हकिकत. स्मरणिकेत हा विषय शोभेल काय, अशी शंका आमच्यातल्या एकीने काढली होती. पाच विरुद्ध एक अशा मतांनी ती फेटाळण्यात आली.

आम्ही घरून आलो, तेव्हा पत्र्याच्या पेटीत दोन गणवेश, एक वाकळ आणि मोजून दोन निकर होत्या. त्याही बहुधा थोरल्या बहिणीच्या, आटवून दिलेल्या. बाजारच्या स्वस्त निकरीचे इलास्टिक आधी कमरेवर लाल वळ उठवी आणि महिन्याभरात सैल पडे, मग सेफ्टीपिन. धुतलेले कपडे दोरीवर उघडे घालण्याची सोय नव्हती. म्हणजे दोरी होती, धीर नव्हता. टॉवेलाखाली, गणवेशाच्या घडीत, कोणी तर गादीखाली ते वाळवी. ते वाळत नसत. पावसाळ्यात आम्ही दमट कपडे घालून वर्गात बसत असू. जांघेत खाज सुटे, चट्टे उठत, आणि ही गोष्ट शेजारच्या पलंगावरच्या मुलीलाही सांगण्याची नव्हती. आमच्यात एक जण खो-खोत वाऱ्यासारखी पळे. एका श्रावणात तिने खेळणे सोडले. पाय मुरगळला, असे तिने सांगितले आणि आम्ही ते खरे मानले.

शिवणाच्या बाईंनी मानले नाही. त्या वर्षी अभ्यासक्रमात उशीचा अभ्रा आणि झबले होते. बाईंनी अभ्रा बाजूला ठेवला, दार लोटून घेतले, मेजटेप गळ्यात टाकली आणि विचारले, “पोरींनो, आतले कपडे कुठे टोचतात?” वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. तोवर आम्हाला ‘टोचते का’ असे कोणी विचारले नव्हते. शेवटी त्या खो-खोवाल्या मुलीनेच, मान खाली घालून, मांडीकडे बोट दाखवले.

डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची जुनी खूण टाका, अंगावरचे जुने दागिने टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले आणि पुष्कळ जणींनी लगोलग नेसण बदलली. आमच्या घरांतून ही गोष्ट आजीपासून ऐकत आलो होतो. वरच्या वस्त्राचे भान आम्हाला त्या वारशाने दिले होते. आतल्या वस्त्राबद्दल मात्र आजी-आई दोघीही गप्प होत्या, आणि ही गप्प बसण्याची रीत आम्हीही पेटीत घालून आणली होती.

बाईंनी पांढरे सुती पॉपलिन आणवले. पहिली शिकवण अशी, की नवे कापड कधीही तसेच बेतू नये. त्यातली खळ जाईपर्यंत रात्रभर भिजवावे, वाळवावे, इस्त्री करावी. आटायचे ते आधीच आटू द्यावे. दुसरी गोष्ट आम्हाला जादूसारखी वाटली. विणलेले सुती कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर ओढले तर जेमतेम ताणते. तेच तिरपे धरून ओढले तर रबरासारखे देते. म्हणून निकर उरेब कापायची. कापड जास्त लागते, पण बसताना-उठताना ते अंगाबरोबर चालते. दोन पायांमधली कळी दुहेरी घ्यायची. बाजारच्या कपड्यात शिवण नेमकी जांघेच्या वळणावर येते आणि तिथेच घासते. बाईंनी कळी रुंद ठेवून ती शिवण पुढे-मागे सरकवली. सुटे धागे त्वचेला लागू नयेत म्हणून दोन्ही कडा आत दुमडून चपटी टीप घालायची. पायाच्या घेराला इलास्टिक अजिबात नाही, नुसती उरेब पट्टी. कमरेला मऊ इलास्टिक, मापापेक्षा दोन इंच कमी, नेफ्यात ओवलेले. सैल झाले की काढून दुसरे घालता यावे म्हणून नेफ्याला एक बोटभर उघडी फट. ज्यांना इलास्टिक सोसत नसे, त्यांना नाडी.

आमची पहिली निकर पाहून आम्हीच हसलो. पुढची बाजू मागे लागली होती. बाईंनी उसवायला लावली, आणि उसवण्याचे काम शिवण्यापेक्षा दुप्पट वेळ चालले. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी प्रत्येकीच्या तीन निकर आणि एक पेटीकोट झाला होता.

खरी लढाई पुढे होती, दोरीची. कपडे उन्हात वाळले पाहिजेत, असे बाईंचे म्हणणे. चांगले दिसत नाही, असे वसतिगृहातल्या मोठ्यांचे म्हणणे. त्यावर बाई फार बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरामागच्या अंगणात त्यांनी स्वतः एक दोरी बांधली आणि पहिल्या दिवशी तिच्यावर स्वतःचे कपडे घातले. दुसऱ्या दिवशी आम्हा सहा जणींचे, तिसऱ्या दिवशी दोरी अपुरी पडली.

कापणीतून उरलेल्या चिंध्या टाकायची सोय नव्हती. भंतेजींनी एका संध्याकाळी आनंदांची गोष्ट सांगितली होती. राजा उदेनाने त्यांना विचारले, जीर्ण चीवरांचे काय करता? आनंद म्हणाले, त्यांचे पलंगपोस होतात, मग गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, फडके, आणि शेवटी तुकडे चिखलात कालवून लिंपण. बाईंनी ती गोष्ट मनावर घेतली. मोठ्या चिंध्यांच्या लहान मुलींसाठी कळ्या झाल्या, मऊ तुकड्यांच्या महिन्याच्या घड्या, बाकीच्यांनी आम्ही फळा पुसला.

पुढच्या पावसाळ्यात आमची मैत्रीण पुन्हा खांबाकडे धावली. तिने सामना जिंकून दिला असे लिहिले असते तर बरे वाटले असते. पण आपण तो दोन गुणांनी हरलो. ती मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होती.

मापांची वही आमच्यातल्या एकीकडे अजून आहे. कमर, नितंब, आसन, मांडीचा घेर; पेन्सिलीने लिहिलेले, काही पुसट झालेले. सगळ्यांत लहान कमर वीस इंचांची. शेवटच्या पानावरचे माप बाईंचे आहे. निरोपाच्या आठवड्यात, त्यांना न सांगता काही शिवावे असा आमचा बेत होता, पण मापावाचून अडले, तेव्हा दार लोटून आम्हीच त्यांना उभे केले, मेजटेप धरली आणि विचारले, “बाई, कुठे टोचते?”

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी खांद्यावर बोट ठेवले.