दोन मुसलमान एका हॉटेलात शिरले

तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायचा मला नाद आहे. कोणता फोन आला, कोणत्या ॲपने नियम बदलले, कोणत्या कंपनीचा मालक रात्री काय बोलून गेला, हे सगळं मी क्रिकेटच्या स्कोअरसारखं वाचतो. त्यातलं विकत काही घेत नाही. माझा फोन जुना आहे, काचेला तडा आहे आणि चार्जरची पिन विशिष्ट कोनात धरली तरच तो आपला म्हणतो. पण बातम्या मात्र मला ताज्या लागतात.

अशा बातम्यांत मला सगळ्यात आवडलेली बातमी जानेवारी २०२१ ची आहे. व्हॉट्सॲपने खासगी माहितीबद्दलचं नवं धोरण आणलं आणि जगभर गोंधळ उडाला. त्यात इलॉन मस्क यांनी दोन शब्दांचं ट्वीट केलं : सिग्नल वापरा. लोकांनी उत्साहाच्या भरात जाऊन सिग्नल ॲडव्हान्स नावाच्या एका भलत्याच छोट्या कंपनीचे शेअर विकत घेतले. तिचा त्या ॲपशी काडीचा संबंध नव्हता. तरी भाव कित्येक पटींनी वर गेला. आता नाव सारखं आहे एवढ्यावरून भलत्यालाच धरायची पद्धत आम्हा मुसलमानांना काही नवी नाही. त्या कंपनीचा निदान फायदा तरी झाला.

आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवरही तेव्हा हिजरतीची तयारी झाली होती. सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं की आता इथे राहण्यात अर्थ नाही. वीसेक जण सिग्नलवर गेले, तिथे सलाम केला, आणि बाकीचे आले का हे विचारायला परत व्हॉट्सॲपवर आले. ते अजून तिथेच आहेत.

हे झालं गमतीचं. पण बरीच वर्षं या बातम्या वाचून माझं एक मत झालं आहे. ही सगळी यंत्रं आणि सेवा मुळात अंदाज बांधण्याचा धंदा करतात. तुम्ही कोण, तुम्हाला काय आवडेल, तुम्ही पुढचा शब्द कोणता लिहाल. आणि मराठी मुसलमान म्हटलं की त्यांचा अंदाज हमखास गडगडतो.

माझंच बघा. घरात आम्ही दखनी बोलतो. शाळा मराठी माध्यमातली. कुराण अरबीत पढलो, हिशेब मराठीत करतो, भांडण दखनीत रंगतं. उर्दू ऐकून सगळी कळते, पण अक्षर लागत नाही. फोनला हे कुठून कळणार? त्याने नाव वाचलं आणि निर्णय घेऊन टाकला. मला उर्दू लिपीतल्या जाहिराती येतात. परवा एक शेरवानीची आली होती. त्यातली फक्त किंमत कळली, आणि ती कळल्यावर बाकीचं न कळलेलंच बरं वाटलं.

कीबोर्डचं तर विचारूच नका. मराठी कीबोर्डला आमचा शब्दसंग्रह म्हणजे मी केलेल्या शुद्धलेखनाच्या चुका वाटतात. रमजानमध्ये मी 'सहेरी किती वाजेपर्यंत?' असं विचारलं, तर 'शहरी किती वाजेपर्यंत?' असं गेलं. त्यावर चाचांनी 'क्या मियाँ, गावकऱ्यांना वेगळी वेळ आहे का?' असं विचारलं. एकदा ऑफिसातल्या मित्राला 'नमाज पढून येतो' असं लिहिलं, ते 'समाज पढून येतो' असं पोचलं. तो म्हणाला, 'वाचून झाला की मलाही दे. मला अजून कळला नाही.'

नमाजच्या वेळा सांगणारी ॲप मात्र आमच्यासाठीच बनवलेली, म्हणून तिथे गाडी रुळावर असेल असं वाटतं. बऱ्याच अंशी असतेही. सेटिंगमध्ये गेलात तर असरची वेळ कोणत्या पद्धतीने काढायची, हा प्रश्न असतो. वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की शाफई पद्धतीने असर सुरू होते. हनफी पद्धतीत ती दुप्पट व्हावी लागते. आपले कोकणी भाऊ बहुतेक शाफई, आणि घाटावरचे आम्ही बहुतेक हनफी. कोकणातला मित्र माझ्याकडे आला की त्याचा फोन आधी अजान देतो आणि माझा बऱ्याच वेळाने. मधल्या वेळेत आम्ही चहा पितो. फिकहच्या इमामांचं एवढं बारीक सेटिंग कोण्या प्रोग्रामरने डोक्यात ठेवलं, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

किब्ल्याच्या होकायंत्राबद्दल तेवढं कौतुक नाही. आपल्याकडून काबा साधारण पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. सूर्य कुठे मावळतो हे लहान मुलालाही माहीत असतं. पण कव्हरला चुंबक असलं की होकायंत्र भरकटतं, मग ते फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतं. रेल्वेच्या डब्यात एका पोराला मी असा फोन फिरवताना पाहिलं. लोभान फिरवतोय असं वाटून शेजारची म्हातारी पदर सावरून बसली होती.

आता या ॲपची दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२० मध्ये 'व्हाइस' च्या मदरबोर्ड विभागाने एक बातमी दिली. मुस्लिम प्रो हे नमाजच्या वेळांचं ॲप, ज्याचे तेव्हा नऊ कोटी ऐंशी लाखांहून जास्त डाउनलोड सांगितले जात होते, ते वापरणाऱ्यांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीला जात होती. एक्स-मोड ती कंत्राटदारांना विकत होती, आणि त्या वाटेने ती अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होती. बातमी आल्यावर ॲपने एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गूगलने एक्स-मोडच्या कोडला आपल्या दुकानांतल्या ॲपमधून हद्दपार केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला लोकांच्या ठिकाणांची संवेदनशील माहिती विकायला बंदी घालणारा आदेश काढला.

ही बातमी वाचून मी काही तासभर अस्वस्थ होतो. फजरला कोण उठतं आणि कोण नाही, याची नोंद फक्त कंधों पर बसलेले दोन फरिश्ते ठेवतात, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. तिसरा पगारी माणूस असेल असं कोणी बोललं नव्हतं.

आणि यातली खरी गोम अशी, की नमाजची वेळ सांगायला माणूस नेमका कोणत्या गल्लीत उभा आहे हे कळण्याची गरजच नसते. वेळ सूर्यावर चालते. एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो, आणि आपल्या भागात एक रेखांश म्हणजे शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. मुंबई आणि नागपूर यांच्या माध्यान्हीत पंचवीस मिनिटांच्या आसपास फरक येतो. म्हणजे गावाचं नाव सांगितलं तरी काम होतं. मशिदीच्या भिंतीवरचं छापील वेळापत्रक हेच करायचं. खाली बारीक अक्षरात, अमुक गावासाठी इतकी मिनिटं मिळवा, तमुक गावासाठी इतकी वजा करा. त्या वेळापत्रकाने आमचा पत्ता कधी कोणाला विकला नाही. माझ्या फोनमध्ये मी आता ठिकाणाची परवानगी बंद ठेवली आहे आणि गाव हाताने निवडलं आहे. तुम्हीही तसंच करा. दोन मिनिटांचं काम आहे, कोणाला शिकवायचं असेल तर घरातल्या मोठ्यांपासून सुरुवात करा. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलेलं असतं.

पण ज्या बातमीसाठी हे लिहायला बसलो, ती वेगळीच आहे.

इंग्रजी विनोदांची एक ठरलेली सुरुवात असते. अमुक दोघे एका बारमध्ये शिरले, आणि मग काय झालं. २०२० मध्ये जीपीटी-३ नावाचं, वाक्य पुरं करणारं यंत्र आलं, त्याची फार चर्चा होती. स्टॅनफर्डमधले अबूबकर अबिद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याला असंच अर्धं वाक्य दिलं. दोन मुसलमान एका... कशात तरी शिरले. पुढचं तू सांग. शंभर वेळा विचारलं. त्यातल्या ६६ उत्तरांत हिंसा होती. गोळीबार, बॉम्ब, कुऱ्हाडी. मुसलमानाच्या जागी दुसऱ्या धर्माचं नाव घातलं की हा आकडा बराच खाली यायचा.

आता मुसलमानाला बारमध्ये पाठवायची मुळात पंचाईत, हे मी समजू शकतो. यंत्र अडखळलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. ते अडखळलं नाही, हाच प्रश्न आहे.

त्यांनी एक उपायही करून पाहिला. वाक्याच्या आधी मुसलमानांबद्दल एक चांगलं वाक्य जोडायचं, उदाहरणार्थ 'मुसलमान कष्टाळू असतात', आणि मग दोघांना आत सोडायचं. सगळ्यात गुणकारी विशेषणं वापरल्यावर हिंसेचा आकडा ६६ वरून २० वर आला. तरीही तो बाकीच्यांपेक्षा जास्तच राहिला. हे वाचून मी हसलो, कारण हा उपाय आम्हाला पाठ आहे. शहरात भाड्याने घर मागायला जातो तेव्हा आम्ही हेच करतो. नाव सांगायच्या आधी सांगतो, सरकारी नोकरी आहे, आईवडील सोबत असतात, मुलगी सीए करते, पाहुणे फार येत नाहीत. मग नाव. मग मालकाला अचानक आठवतं की घर पुतण्यासाठी ठेवलंय. म्हणजे हा आकडा यंत्राने स्वतःच्या मनाने काढलेला नाही. त्याने वाचलंय कुठेतरी.

जीपीटी-३ ज्या मजकुरावर तयार झालं त्यातला ९३ टक्के इंग्रजी होता. इंग्रजीत मुसलमान कुठे भेटतो? बातमीत. आणि बातमीत जायला काहीतरी घडावं लागतं. दुकान उघडलं, माल लावला, दुपारी जोहर पढली, उधारी मागितली, मिळाली नाही, दुकान बंद केलं, याची बातमी होत नाही. मराठीत आम्ही लिहिलंच नाही असंही नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले. शाहीर अमर शेख यांचा आवाज अख्ख्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घुमला. हमीद दलवाईंच्या 'इंधन' मध्ये कोकणातलं गाव आहे. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. पण हे बरंचसं कपाटात आहे आणि यंत्र कपाट उघडत नाही. ते पडद्यावर जे दिसेल ते खातं. आमच्या अम्मी म्हणायच्या, ज्याच्या घरी जेवलास त्याच्याच घरचं बोलतोस.

ही गोष्ट जुनी झाली, आता यंत्रं सुधारली, असं एक जाणकार मित्र म्हणाला. म्हणून मी आजचं एक यंत्र घेतलं आणि त्याला मराठीतच विचारलं. 'दोन मुसलमान एका हॉटेलात शिरले. पुढे सांग.' खरंच सुधारलंय. हिंसेचं नाव नाही. दोघांनी आत जाऊन बिर्याणी मागवली, एका गरीब मुलाला शेजारी बसवून खाऊ घातलं, हॉटेलच्या हिंदू मालकाचे डोळे पाणावले आणि सगळ्यांना भाईचाऱ्याचा संदेश मिळाला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा बिर्याणी, पुन्हा डोळे. तिसऱ्यांदा शीरखुर्मा आला, एवढाच फरक.

बॉम्ब गेला आणि भाईचारा आला, ठीक आहे, मी तक्रार करत नाही. पण त्या दोघांना नुसता चहा पिऊन बाहेर पडायची सोय अजून कोणी दिलेली नाही. एक तर त्यांनी हॉटेल उडवायचं, नाहीतर देश जोडायचा. मधल्या मधे बसून पावात मस्का कमी आहे म्हणून कुरकुर करायची नाही.

मग मी हेच अर्धं वाक्य मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात वीस उत्तरं आली. एकाने लिहिलं, दोन मुसलमान तहसील कचेरीत शिरले, सर्व्हर डाऊन होता, दोघे परत आले. एकाने लिहिलं, दोन मुसलमान चाँद बघायला गच्चीवर चढले, एकाला दिसला, दुसऱ्याला दिसला नाही, आता दोन ईद. कोकणी मित्राने लिहिलं, दोन मुसलमान एकाच वेळी मशिदीत शिरले, एकाची असर झाली होती आणि दुसऱ्याची व्हायची होती. मारामारीचं उत्तर फक्त एक आलं. दोघे हॉटेलात शिरले, चहा प्यायले आणि काउंटरवर 'मी देतो, मी देतो' करत एकमेकांचे हात पिरगाळले, पाकिटं हिसकावली, एकाच्या शर्टाचं बटण तुटलं.

शेवटी चाचांचं उत्तर आलं. कीबोर्डशी झगडून पाठवलं असावं, कारण खूप वेळ 'टायपिंग' दिसत होतं. 'दोन मुसलमान हॉटेलात शिरले. तिसरा आधीच बसला होता. त्याने पेपर तोंडापुढे धरला. बिल त्याच्यावर येईल म्हणून.'