मामांचं देणं

नात्यानं ते माझे कोणी नव्हते. आईच्या माहेरगावचे, म्हणून मामा. आरमोरी तालुक्यात ऐनाच्या रानात टसर रेशमाच्या अळ्या वाढवणाऱ्या ढिवरांपैकी एक. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन नागपूरहून परतलो होतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही लिहायचं काम माझ्याकडे आलं. झाडं, पिकं, पाखरं असे रकाने छापून आले होते. ते भरायचे कोणाच्या जिवावर, ते मामांना भेटल्यावर कळलं.

कोसा, म्हणजे हे टसर, घरी बसून सांगता येत नाही, म्हणाले, रानात चल. अंड्यांतून निघालेल्या अळ्या ऐनावर सोडायच्या. चार वेळा कात टाकून त्या बोटाएवढ्या जाड होतात. एका झाडाचा पाला संपला की फांदी अळ्यांसकट कापून दुसऱ्या झाडावर न्यायची. कोष होईतो राखण. जात मासेमारांची, पण पीक झाडावर असेतो हा ढिवर मासळी खात नसे. मुंगळे, गांधीलमाश्या, पाखरं, अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी, सगळ्यांची मी ‘शत्रू’ या मथळ्याखाली ओळीनं नोंद केली. मामांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘‘दुसमन कायले लिवतं, बाबू? आपनच त्यायच्या घरात पीक लावतो.’’ मथळा मी खोडला. तरी त्यांच्या हातातली गुलेर सुटली नाही, आणि नेम चांगला होता.

खरं शिक्षण बियाण्याचं झालं. माझ्या पुस्तकात टसरचा पतंग म्हणजे अँथेरिया मायलिटा: एक नाव, एक चित्र. प्रत्यक्षात या एकाच प्रजातीचे देशात 44 स्थानिक वाण नोंदले गेलेत, आणि आपल्याकडच्या रानांचा तो भंडारा वाण. झारखंडकडचा डाबा वाण सरकारी अंडीपुंजांतून येतो. मामा तोही घेत, त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. पण दरवर्षी रानातले थोडे कोष शोधून आणत. त्यांतल्या माद्या निघाल्या की रात्री उघड्यावर बांधून ठेवत. टसरचा पतंग काही खात नाही, त्याचं सारं आयुष्य जोडीदार शोधण्यात जातं. वासावर रानातले नर येत. घरच्या घरात वाण कुजतो, बाहेरचं रगत पायजे, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. सगळ्या अळ्या सारख्या असल्या तर एक रोग सगळ्यांना नेतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण जैवविविधता म्हणजे प्रजातींची लांब यादी, ही माझी समजूत त्या रात्री बांधलेल्या माद्यांपाशी मोडली. रान तोडलं तर यादीतलं टसर हे नाव शिल्लक राहील, सरकारी केंद्रावर अंडीही मिळतील. ते नर कुठून येणार?

परतफेड म्हणावी अशी एकच गोष्ट मी केली. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यांत जातो. लुई पाश्चरनं फ्रान्समध्ये 1865 पासून तुतीच्या रेशीमकिड्यांवर काम करून उपाय काढला: अंडी घालून झाल्यावर मादी कुटायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, बीजाणू दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. आजही तेच करतात. मी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मागून आणला. मामांनी एक डोळा मिटून पाहिलं, आणि वाद न घालता सगळी अंडी चुलीत टाकली. पुढच्या उन्हाळ्यात घरी चारोळीची पिशवी पोचली.

2022 च्या ऑक्टोबरात आमच्याच वडसा वनविभागात सीटी-1 हा वाघ जेरबंद झाला. 13 माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. दुसऱ्या पिकाचे ते दिवस. वाघ वाचवा म्हणणाऱ्यांनी एक रात्र ऐनाखाली राखण करून बघावी, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. मामांनी ते पीक सोडलं नाही, फक्त एकट्यानं जाणं बंद केलं.

वैनगंगेचे आणि तलावांतले मासे त्यांनी एका दुपारी भराभर सांगून टाकले होते. ते पान मला नोंदवहीतलं सगळ्यांत पक्कं वाटे. मामा गेल्यावर प्रत त्यांच्या मुलाला द्यायला गेलो. त्यानं नेमकं तेच पान उघडलं, हसला. ‘‘दोन मासे बाबानं तुमाले सांगतलेच नाही. लिवलं त मंग सारेच मारतेत.’’ कोणते, ते सांगायला तोही तयार नाही. यंदाच्या माद्या तपासून द्या, मग बघू, म्हणतो.