गुरुजींचा वेळ वर्गाला द्या

५ सप्टेंबर २०२४
शाळेत शिक्षक दिन झाला. चौथीच्या मुली साड्या नेसून बाई झाल्या आणि पहिलीची बाराखडी घेतली. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून मी दोन्ही शिक्षकांना नारळ आणि गुलाबपुष्प दिलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. गुरुजींकडे तिसरी-चौथी, नव्या बाईंकडे पहिली-दुसरी. एक जण प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात.

१० ऑक्टोबर २०२४
बाई शिक्षण सेवक आहेत. पहिली तीन वर्षं मानधन, दरमहा १६,००० रुपये. २०२३ पर्यंत तेच ६,००० होतं. परजिल्ह्यातून आलेल्या, खोलीभाडं भरून घरीही पैसे पाठवतात. वर्गात काम मात्र पूर्ण पगाराच्या शिक्षकाइतकंच. मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाला महिनाअखेरीची चिंता असू नये.

२१ नोव्हेंबर २०२४
काल विधानसभेचं मतदान झालं. गुरुजी परवाच मतदान यंत्रं घेऊन केंद्रावर गेले होते, ते आज पहाटे घरी आले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळेबाहेरची कामं शिक्षकांना देता येतात. मतदानाचं काम देशाचं आहे, त्याबद्दल गुरुजींची तक्रार नाही. वेळ खातात ती रोजची कामं. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, यू-डायसची माहिती, मुलांच्या आधारमधल्या नावांची जुळणी, आणि ‘आजच पाठवा’ म्हणून व्हॉट्सॲपवर येणारे तक्ते. गुरुजी मोबाइलवर माहिती भरत असतात तेव्हा तिसरीचा भागाकार अर्धा राहतो.

३ जानेवारी २०२५
सावित्रीबाईंची जयंती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल यायचा, म्हणून सावित्रीबाई दुसरं लुगडं बरोबर नेत. आज मुलींनी हे भाषणात सांगितलं. नंतर पारावर एक जण म्हणाला, “मास्तरांना काय, बसून पगार.” मी त्याला म्हटलं, “दादा, उद्या शाळेत या आणि चार वर्ग एक तास सांभाळून दाखवा.”

२६ जानेवारी २०२५
ग्रामसभेत तीन मागण्या मांडल्या आणि ठराव मंजूर झाला. ऑनलाइन नोंदींसाठी दोन-तीन शाळांत मिळून एक माहिती भरणारा माणूस द्यावा. शाळेच्या वेळेत शिक्षकांकडे तातडीची माहिती मागू नये. शिक्षण सेवकांचं मानधन वेळेवर व्हावं. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल.

ज्यांची मुलं सरकारी शाळेत शिकतात, त्या प्रत्येक आईबापाला माझं सांगणं आहे. समितीच्या बैठकीला जा, शिक्षकांना काय अडचण आहे ते विचारा आणि तुमच्या ग्रामसभेतही असा ठराव करून घ्या.