'ढ' कुणी ठरवला?

तुर्भ्याच्या वस्तीतला माझा भाचा तिसरीत. बाई एका दमात सांगतात : वही काढ, तारीख घाल, सातवा धडा उघड. हा फक्त वही काढतो. शिक्का बसला – ढ! वर टोमणा, "तुमच्यात शिकायची आवडच नसते."

कान मशीनवर तपासले. ऐकू येतं चोख. आवाज कानात शिरतो, पण मेंदूला तो सुटा करता येत नाही. 'ड' आणि 'ढ' एकच वाटतात. त्यात बाहेर ट्रक, आत साठ पोरांचा गलका. बाईंचा शब्द त्यात बुडतो.

गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील नि लाख ओतायला सांगितलं. आता कथील लागत नाही. मागचा बाक पुरतो.

दोस्तहो, ही अडचण पुष्कळदा अध्ययन अक्षमतेच्या जोडीनं येते, आणि अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. म्हणजे ही भीक नव्हे, हक्क. तपासणीचा आग्रह धरा. शाळेला लेखी द्या : पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर लिहून.

मोर्च्यात आपण घसा फोडून 'शिका' म्हणतो. ते ज्याच्या कानापर्यंत पोचून तिथंच अडतं, त्या पोराशेजारीही बसायला हवं.