गव्हाणीतला नाताळ

१/ डिसेंबरअखेरीस बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्ण्याच्या परिसरात रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग दिसते. गळीत हंगाम ऐन भरात असतो. हंगामाच्या आरंभी कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकलेली असते. प्रचलित मराठी बायबलमध्ये नवजात येशूला निजवले ती जागाही गव्हाणच. या शब्दाचा माग दुष्काळापर्यंत जातो. 🧵

२/ ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ अर्थ जन्माशी निगडित. शब्द समुद्रापलीकडचा असला, तरी कथा देशावरच्या माणसाला परकी नव्हती. मुक्कामाला जागा न मिळालेले जोडपे, गुरांची गव्हाण, रात्री कळप राखणारे मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघणारे धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

३/ आज हिरवागार दिसणारा हा पट्टा मुळात अवर्षणाचा. १८८५ साली निरा डावा कालवा सुरू झाला, १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस स्थिरावला. पाणी जिथे पोहोचले नाही, तिथे ज्वारी आणि पावसाची वाट. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव हे त्या काळी असेच कोरडे गाव. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील या गावी पंडिता रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली.

४/ रमाबाईंना (१८५८–१९२२) भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थाटन करणारे विद्वान. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेली बहीण-भाऊ पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथे या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या.

५/ १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावची कहाणी या वादाच्या सावलीत सुरू होते.

६/ १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी भोगलेले त्यांना तिथे पुन्हा दिसले. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. शहरात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. हेच ‘मुक्ती सदन’.

७/ लगेच पुढचा दुष्काळ आला. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. एवढ्या तोंडांना पुरेल असे धान्य कुठून आणायचे? विहिरी खोदल्या गेल्या. शेती, फळबाग, दूधदुभते, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना अशी कामे स्त्रियाच करू लागल्या. घरातून टाकलेली, दुष्काळाने उचललेली बाई इथे नांगरटीचा आणि पेरणीचा हिशेब शिकली.

८/ ‘भाकरीसाठी बाटल्या’ हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो झटकून टाकता येत नाही. उपाशी माणसाच्या निवडीला पूर्ण मोकळीक कधीच नसते. पण हाच प्रश्न उलटही विचारायला हवा: ती उपाशी होती तेव्हा तिच्या धर्माच्या रक्षणाची काळजी वाहणारे कुठे होते? शिवाय, पहिली भाकरी मिळाल्यावर ज्या तिथेच राहिल्या, त्यांनी पुढे ती भाकरी स्वतः पिकवली. केवळ पोटाच्या तर्काने त्यांची श्रद्धा मोजली, तर त्यांचे उर्वरित आयुष्य हिशेबातून गळते.

९/ रमाबाईंचे अखेरचे मोठे काम भाषेचे. रूढ मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला ते कळणार कसे? म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळवण्यापासूनची कामे केडगावच्या स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१०/ भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात हीच वाट संगीताने धरली. अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र तिथे १८३१ पासून होते. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनातून मांडले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजने रचली. खेड्यांतील मंडळ्यांत, म्हणजे बहुतांशी महार-मांग समाजातून आलेल्या शेतमजुरांच्या घरांत, नाताळ टाळ आणि पेटीच्या साथीने पोहोचला.

११/ मुक्ती मिशन आजही केडगावात आहे. नाताळाच्या दिवशी जन्मकथेचे वाचन होते, तेव्हा आसपासच्या शिवारात ज्वारी उभी असते आणि इंदापूर-बारामतीच्या कारखान्यांची गव्हाण रात्रंदिवस चालू असते. ‘हा सण आपला की परक्यांचा’ या वादात पडण्यापूर्वी त्या दोन हजार जणींना आठवावे. त्यांच्या लेखी गव्हाण म्हणजे देखाव्यातली वस्तू नव्हती. भुकेल्याला कुठेतरी जागा मिळाली, याची ती खूण होती. (समाप्त)