दोन लोंब्या

जपानातल्या ओकायामाहून परतताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून एक बाटली आणली होती. ७२० मिलीची, ओमाची जातीच्या तांदळाची साके. चौथ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी ती उघडली. आम्ही चौघे होतो आणि पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती.

बिझेनच्या मातीचा पेला एकच आणला होता. झिलई न देता लाकडाच्या भट्टीत कित्येक दिवस भाजलेला, अंगावर ज्वाळेचे डाग. बाकीच्यांनी कटिंगचे ग्लास घेतले. थोडी साके स्टीलच्या चंबूत ओतून तो चंबू गरम पाण्याच्या टोपात ठेवला. हाताला सोसेल इतकीच ऊब हवी. उकळली की सगळा गंध उडून जातो. मी सगळ्यांचे ग्लास भरले आणि माझा पेला तसाच ठेवला. जपानात आपला पेला आपण भरायचा नसतो, तो दुसऱ्याने भरायचा. मला तिथली ही रीत फार आवडली.

त्यांना पहिल्या घोटात भाताची वाफ जाणवली, मग मुरलेली गोडी, आणि अगदी शेवटी जिभेच्या कडेला जराशी आंबटाई. "हे तांदळातून कसं निघतं गं?" मैत्रिणीने विचारलं. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती पिठूळपणाची साखर करत जाते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेची दारू करत राहतं. एकीचं काम संपायची दुसरं वाट पाहत नाही.

मला मात्र ओमाचीची गोष्ट सांगायची होती. १८५९ साली किशिमोतो जिन्झो नावाचा शेतकरी दाईसेन डोंगराची यात्रा करून घरी निघाला होता. वाटेत त्याला भाताच्या दोन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्याने ओमाची गावी आणून पेरल्या. साकेसाठी आज नावाजलेल्या यामादा निशिकीच्या वंशावळीतही हेच रक्त आहे. पण ओमाचीचं रोप फार उंच, वादळात आडवं होणारं. शेतकऱ्यांनी ते हळूहळू सोडलं. १९७० च्या दशकात ते जवळजवळ नाहीसं झालं होतं. ओकायामातल्या साके करणाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ते पुन्हा उभं केलं. यात्रेहून माणसं प्रसाद आणतात, अंगारा आणतात. त्याने बियाणं आणलं, याचंच मला राहून राहून अप्रूप वाटतं.

आमच्यातला एकजण मुळशीचा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमचा आंबेमोहर असाच. उतारा कमी, म्हणून सगळ्यांनी सोडला. बाबा अजून पाच गुंठ्यांत लावतात. घरच्यापुरता."

आमच्या याच रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथे मी शेकडो वेळा फिरले आहे. मूळ कोराकुएन या वेळी पहिल्यांदाच पाहिली. नदीपलीकडे किल्ला, हिरवळ, तळं, आणि त्या सगळ्या देखणेपणात राखून ठेवलेलं एक छोटंसं भातखाचर. मी त्याच्या कडेला खूप वेळ उभी होते, हे मी त्यांना सांगत होते.

बोलता बोलता चंबू रिकामा होत आला. मुळशीकराने तो उचलला, माझ्या कोरड्या पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, तुला कुणी दिलीच नाही की!" उरलेली सगळी त्याने माझ्या पेल्यात ओतली. ती अजून कोमट होती.