चोर चकणाच का?

मुलांनो, गोष्टीत नवा माणूस आला की तुम्ही आधी काय लिहिता, सांगू? 'तो उंच होता. त्याचे नाक सरळ होते. केस कुरळे होते.' दर वर्षी चौथीच्या वह्या तपासताना मला अशी कितीतरी सरळ नाकं भेटतात! वही मिटली की त्यातलं एकही आठवत नाही.

आता 'श्यामची आई' आठवा. साने गुरुजींचं हे पुस्तक १९३५ साली आलं. श्यामच्या आईचं नाक कसं होतं, आठवतंय कुणाला? नाही ना? पण अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंडीवर पसरते, हे वाचून विसरलेलं मूल मला अजून भेटायचंय. स्वतःचं लुगडं भिजवून हट्ट पुरवणारी तीच, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं लगेच बजावणारीही तीच. 'ती प्रेमळ पण करारी होती' एवढंच लिहिलं असतं, तर आपण पान उलटून पुढं गेलो असतो.

मग दिसण्याबद्दल लिहूच नये का? लिहावं की! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किडकिडीत आहे, आणि ते सांगायलाच हवं. एवढासा फुरसुंगीचा बनेश धटिंगणांशी दोन हात करतो, म्हणून तर मजा! वर्णन कामाचं हवं, एवढंच.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तुमच्या गोष्टीतला चोर नेहमी काळाकुट्ट नाहीतर चकणा का असतो हो? मागे एकाने वर्गात अशीच गोष्ट वाचली. 'चकणा' शब्द आला आणि पोरं फिदीफिदी हसत मागे वळून पाहू लागली. शेवटच्या बाकावरचा एकजण वहीत डोकं खुपसून बसला होता. चोरी गोष्टीतल्या चोराची, अन् मान खाली घालायची ह्यानं!

गोष्ट लिहिणाऱ्याला मी म्हटलं, "दिसण्याची सगळी वाक्यं खोड."

"मग उरलं काय, बाई?"

"ते तूच शोध. चोर घरात शिरला. पुढे?"

मधल्या सुट्टीत गडी पेन्सिल चावत बसला होता. दुसऱ्या दिवशी नवी गोष्ट घेऊन आला. चोर आला, हंडा उचलला, निघाला. दारात थांबला. आतली शेळी रात्रीची बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं दाराला कडी घातली, आणि मग पळाला.

झालं! वर्गात भांडणच जुंपलं. कुणी म्हणे, तो चांगला होता. कुणी म्हणे, चांगला होता तर हंडा कशाला नेला? एक मुलगी म्हणाली, त्याच्याही घरी शेळी असणार. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "कडी वाजते, बाई. घरातलं कुणी जागं झालं असतं. तरी लावली त्यानं."

सगळा वर्ग पुन्हा मागे वळला. ह्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

आता ती गोष्ट दोघं मिळून पुढं लिहितायत. अजून पुरी व्हायचीय. हंड्यात काय होतं, यावर त्यांचं घोडं अडलंय!